राखणदाराची जागा

तारकर्ली मागे पडली तरी कृष्णाबाईच्या तोंडून 'माझी' हा एवढासा शब्द काही बाहेर पडेना.

"पुन्हा एकदा," प्रेमलताबाई म्हणाल्या. "मी मामलेदार आहे असं समजा. बोला कृष्णाबाई, ही जागा कोणाची?"

कृष्णाबाईने पदर सारखा केला आणि भलतीकडेच, समुद्राकडे बघितलं.

"बाईनू, तुमका बघून मामलेदार वाटना नाय. म्हणान येना."

"मग काय करू? टोपी घालू?"

"टोपयेन काय होतला? मिशी व्हयी."

दोघी हसल्या आणि पुन्हा चालू लागल्या. कार्तिकातली सकाळ होती. शाळेला दिवाळीची सुट्टी होती म्हणून प्रेमलताबाईंना येता आलं होतं. त्या मूळच्या बांद्याच्या, देवबागच्या शाळेत शिकवायच्या. चपला हातात घेऊन वाळूत चालायची सवय त्यांना अजून झालेली नव्हती, धाप लागत होती. कृष्णाबाईला ह्या वाटेचं काय? घोव विठोबा, तिचा नवरा, गेल्यापासून डोक्यावर माशांची पाटी घेऊन ती ह्याच वाटेने मालवणचा बाजार गाठत आली होती. आज डोक्यावर पाटी नव्हती, तर हात कुठे ठेवावेत तेच तिला समजत नव्हतं. मध्येच एक हात डोक्याकडे जायचा आणि रिकामाच खाली यायचा.

बाजार आज नव्हता. आज कचेरी होती. मामलेदारासमोर उभं राहून तिने 'जागा माझी' म्हटलं तर राहतं घर, होडीची खोप आणि सासऱ्याने लावलेले माड राहणार होते. नाही म्हटलं, तर पंचायत ती जागा ताब्यात घेणार होती. एवढं साधं होतं. पण कृष्णाबाईच्या जिभेला ते साधं नव्हतं.

जागा होती खाडीच्या अंगाला. कृष्णाबाईचा सासरा गुणाजी तिथे पहिला आला, तेव्हा तिथे काट्याकुट्यांचं रान आणि एक जुनं उंडीचं झाड होतं. उंडीच्या बुंध्याशी एक दगड होता. तो त्या जागेचा राखणदार. आपल्याकडे प्रत्येक जाग्याला असा कोणीतरी असतोच, त्याला विचारल्याशिवाय कुदळ मारायची नसते. गुणाजीने नारळ ठेवला, राहू का म्हणून विचारलं आणि मग पहिला खांब पुरला. तेव्हापासून दर मार्गशीर्षात त्या दगडासमोर घरच्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज. गुणाजीने घातलं, त्याच्यामागे विठोबाने घातलं, विठोबा काविळीने गेल्यावर मिसरूड न फुटलेल्या त्याच्या लेकाने, जयरामने घातलं. शब्द तेच. "बा राखणदारा, ही जागा तुजी. आमी तुजे राखणारे. आजपर्यंत सांभाळलंस, तसोच पुढे सांभाळ." आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

लग्न होऊन आल्यापासून कृष्णाबाईने ते "व्हय म्हाराजा" एकदाही चुकवलं नव्हतं. सुवेर-सुतकाच्या दिवसांत सुद्धा ती लांब माडाखाली उभी राहून म्हणायची.

जागाच आपली नाही म्हटल्यावर कोणाला अडवायचं कसं? त्यामुळे उंडीपलीकडच्या मोकळ्या वाळूत वाडीतली कोणीही बाई येऊन सुकट घालायची. शेजारची दुर्गा तर रोजची. तिच्या घरापुढे हातभर अंगण, तेही दिवसभर सावलीत. तिचं सगळं सुकवणं ह्याच वाळूत व्हायचं. कावळे हाकलायला बसायची आणि कृष्णाबाईशी भांडायची, कधी सुनांवरून, कधी मिठावरून. पण जागेवरून कधी नाही.

नवीन पंचायत झाली आणि सरपंच परशुरामने लाँचीसाठी धक्का बांधायचं काढलं. माणूस वाईट नव्हता तो. पावसाळ्यात आजारी माणसाला होडीत घालायचं म्हणजे गुडघाभर चिखलात उतरावं लागे, ते त्याला थांबवायचं होतं. खोल पाणी किनाऱ्याला लागत होतं ते नेमकं कृष्णाबाईच्या खोपीसमोर. कागदोपत्री जमीन सरकारी पड. तलाठी पंचनाम्याला आला तो दिवस मार्गशीर्षातला, राखणदाराला नारळ ठेवण्याचा. सकाळी गाऱ्हाणं आटोपून जयराम दर्यावर गेला होता. घरी कृष्णाबाई आणि सून सुगंधा.

तलाठ्याने विचारलं, "बाई, ही जागा कोणाची?"

हे काय विचारणं झालं, असं वाटून कृष्णाबाई हसलीच. "ह्या जागेचो धनी तो. उंडीखाली बसलोसा."

"राखणदार ना? मला ठाऊक आहे. तुमचा काय हक्क?"

"आमचो कसलो हक्क? तेणा ऱ्हवूक दिल्यान, म्हणान ऱ्हवलंव. आमी नुसते राखतंव." असं म्हणून तिने कानांच्या पाळ्यांना हात लावला.

तलाठ्याने तसंच लिहिलं. खोटं काही लिहिलं नाही हो त्याने. राहणारीचा स्वतःचा हक्क नसल्याचं तिने सांगितलं, एवढंच. तिचा अंगठा घेतला. तिने त्याला प्रसादाचं खोबरं दिलं, तेही त्याने खाल्लं.

मग जागा खाली करायची नोटीस आली आणि ती प्रेमलताबाईंनी वाचून दाखवली. जयराम ओसरीवर जाळं विणत होता. त्याच्या हातातली सुई थांबली.

"आये," तो म्हणाला, "सगळ्या गावात खरा बोलूक तुका एकटीकच सुचला?"

एवढंच बोलला. पण त्या दिवसापासून तो तिच्यासमोर जेवायला बसेना. सुगंधा ताट घेऊन मागल्या दारी जायची. कृष्णाबाईला वाटायचं, शिव्या घातल्या असत्या तर बरं. आपल्या एका बोलण्याने सासऱ्याचे माड, घोवाची खोप आणि लेकराची झोप, सगळं गेलं. रात्रंदिवस तेच. तिचं अंग इतकं उतरलं, की बाजारातल्या गिऱ्हाइकांनी सुद्धा विचारलं. दुर्गा म्हणायची, "तुका काय झाला गो? जागा गेली तर माजी सुकट गेली, मी रडूक व्हया, तू कित्याक रडतंस?"

प्रेमलताबाईंनी अर्ज लिहिला. राखणदाराची सगळी हकीगत त्यात घालायचा त्यांचा विचार होता. पण मालवणच्या एका जाणत्या अर्जनवीसाने तो कागद बाजूला सारला. म्हणाला, "बाई, देवाची म्हणाल तर देवस्थानचा कागद दाखवा. तो नाही, म्हणजे सरकारची. सरकारची, म्हणजे पंचायत मागते तर पंचायतीला. बाईला म्हणावं, जागा माझी, वहिवाट माझी, तिसरा कोणी नाही. एवढंच बोल." प्रेमलताबाईंना ते पटलं. आणि गेले कितीतरी दिवस त्या कृष्णाबाईला तेवढंच शिकवत होत्या. शाळेत पाढे घेतात तसं.

वायरी गाव आलं. पलीकडे किल्ल्याचा तट दिसायला लागला.

"बाईनू," कृष्णाबाई म्हणाली, "माजी म्हटलंय तर तेका काय वाटात?"

"कोणाला? मामलेदाराला?"

"मामलेदाराचा काय जाता? तेका. उंडीखालच्याक."

प्रेमलताबाईही देवाधर्माच्या. रोज सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय शाळेत पाऊल टाकत नसत. "काकी," त्या म्हणाल्या, "देवाला मन कळतं. तोंडचं तो धरत नाही."

"तुमका म्हायत?"

"नाही म्हायत. पण मला तसं वाटतं."

"मगे तुमी माज्या बाजूक उबे ऱ्हवा," कृष्णाबाई म्हणाली. "नायतर मी पळान जायन."

कचेरीच्या पडवीत जयराम आधीच आला होता. रात्रीचे मासे बाजारात टाकून तो तसाच आला होता, पायाला खवले चिकटलेले. टोपी हातात घेऊन भिंतीला टेकून उभा होता. त्याने आईकडे बघितलं, मग प्रेमलताबाईंना म्हणाला, "शिकयलात मा नीट?"

"शिकवलं."

"तशी ती आयकता," जयराम म्हणाला. "फकत नको त्या टायमाक आयकना नाय."

सरपंच परशुराम आणि तलाठी दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसले होते. परशुरामने कृष्णाबाईला नमस्कार केला. तिनेही केला. लग्नाकार्यात एका पंगतीला बसणारी माणसं, नमस्कार कसा चुकणार?

पट्टेवाल्याने नाव पुकारलं. मामलेदार वयस्कर होते, आवाज शांत. त्यांनी पंचनामा वाचला, अर्ज वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कृष्णाबाई, घाबरू नका. ह्या पंचनाम्यात तुम्ही सांगितलंय, तुमचा हक्क नाही. अर्जात म्हणताय, आहे. खरं काय? जागा कोणाची?"

खोलीत पंखा नव्हता. बाहेर कोणीतरी खोकलं. कृष्णाबाईने मागे वळून बघितलं. दारात जयराम उभा होता. त्याच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. कित्येक महिन्यांत त्याने आईकडे असं सरळ बघितलं नव्हतं. लहानपणी बाजारातून ती परत यायची तेव्हा पाटीत खाऊ आहे का म्हणून बघायचा, तसं बघत होता.

"माझी," कृष्णाबाई म्हणाली. अगदी शुद्ध, बाईंनी शिकवलं तसं. "जागा माझी आहे."

"किती वर्षांची वहिवाट?"

"सासऱ्यापासूनची."

"आणखी कोणी ती जागा वापरतं? सुकवायला, होड्या ओढायला? कोणाचा काही संबंध?"

हा प्रश्न प्रेमलताबाईंनी घोकून घेतला होता. उत्तरही ठरलेलं होतं.

"कोणी नाही."

"मग पंचनाम्यात तसं का सांगितलंत?"

ह्याचं उत्तर मात्र कोणी शिकवलेलं नव्हतं. कृष्णाबाई मान खाली घालून म्हणाली, "येडी मी. तेव्हा काय बोललंय, माका कळूक नाय."

तलाठी काहीतरी सांगायला उठला होता, तो परत बसला. कदाचित त्याला ते खोबरं आठवलं असेल, कोण जाणे. मामलेदारांनी पुष्कळ वेळ लिहिलं. माड जुने होते, तेच पुराव्यासारखे बोलत होते. त्यांनी सांगितलं, ताबा कृष्णाबाईचा मानला आहे, जागा खाली करायचा हुकूम रद्द. पंचायतीने धक्क्यासाठी दुसरी जागा बघावी.

पडवीत आल्यावर परशुराम पुढे झाला. चिडलेला होता, पण आवाज चढवला नाही त्याने.

"कृष्णाबाय, गेल्या मार्गशीर्षात जाग्याचो धनी उंडीखाली बसलो होतो. आता खंय गेलो? तेणा बिऱ्हाड बदलल्यान काय?"

बाकावरचे दोघंतिघं हसले. कृष्णाबाईचा चेहरा असा झाला की प्रेमलताबाईंनी तिचा दंड धरला.

जयराम मात्र आनंदाने वेडा व्हायचा राहिला होता. आईच्या पाया पडला, बाईंच्या पाया पडला, पट्टेवाल्याच्याही पडला असता. "आये, आता बघ. पयलो गडगो घालतंय. चिरे आणतंय न् चारय बाजूक घालतंय. पुना कोणाची नजर पडूक नको."

"चारय बाजूक कित्याक?" कृष्णाबाई म्हणाली.

"मगे काय तीन बाजूक घालू? तूच सांगलंस मा सायबाक, कोण नाय म्हणान?"

तो मित्रांना पेढे द्यायला बाजाराकडे गेला. संध्याकाळी होडीने परत येणार होता. ह्या दोघी आल्या वाटेने निघाल्या.

परतीच्या वाटेवर कृष्णाबाई पुढे आणि प्रेमलताबाई मागे. येताना कृष्णाबाई बाईंसाठी थांबत थांबत चालत होती, आता ती मागे वळूनही बघत नव्हती. प्रेमलताबाईंनी दोनतीनदा विषय काढला. तुम्ही छान बोललात, मामलेदार भले होते, जयराम आज घरी जेवेल बघा. कृष्णाबाई नुसतं "हां" म्हणायची. वायरीला एका ओळखीच्या घरी पाणी प्यायल्या. घरातल्या बाईने विचारलं, निकाल काय? "गावली," कृष्णाबाई म्हणाली आणि तांब्या असा खाली ठेवला, जसं काही कोणाचं तरी चोरून प्यायली.

तारकर्लीच्या अलीकडे समोरून दुर्गा येताना दिसली. माहेरी चालली होती, काखेत गाठोडं. लांबूनच ओरडली.

"काय गो? काय झाला?"

"गावली," कृष्णाबाई म्हणाली.

दुर्गाने गाठोडं वाळूतच टाकलं आणि तिला मिठी मारली. "बरा झाला गो बाय! बरा झाला! मी काल संकष्टी धरलंय तुज्यासाठी. खरा सांगतंय, तुज्यासाठी अर्धी न् माज्या सुकटीसाठी अर्धी." मग प्रेमलताबाईंना म्हणाली, "बाईनू, ही मेली काय बोल्ली? नीट बोल्ली मा? गेल्या खेपेक हिचाच तोंड आडवा इला."

"नीट बोलल्या," प्रेमलताबाई म्हणाल्या.

"काय सांगल्यान?"

कृष्णाबाई दुर्गाच्या गाठोड्याकडे बघत होती. "सांगलंय, जागा आमची," ती म्हणाली.

"आमचीच मगे! आनी कोणाची?" दुर्गा हसली. तिच्या त्या 'आमची'मध्ये ती स्वतः होती, वाडीतल्या सगळ्या होत्या. "वायच थांबतंस? परवा येतंय न् बांगडे घालतंय. मीठ तुज्या घरचा, माजा सपला." गाठोडं उचलून ती पुढे गेली. खूप लांब गेली तरी तिचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

कृष्णाबाई तिथेच वाळूत बसली. प्रेमलताबाई तिच्या बाजूला बसल्या. समोर पाण्यात एक होडी शीड उतरवत होती.

"काकी, जयरामला मी समजावते. गडगा घाल, पण दुर्गासाठी वाट ठेव म्हणते."

"ठेवीत तो. आज ना फाल्या ठेवीत. झील वायट नाय माजो." कृष्णाबाईने वाळू मुठीत घेतली आणि सोडली. "पण ती वाट तेणा ठेवल्यान म्हणान आसतली. आदी तसा नव्हता. आदी दुर्गेक कोणी ठेवूक नाय, न् माकाय कोणी ठेवूक नाय. दोघी उंडीखालच्याच्याच जाग्यात."

प्रेमलताबाईंना कचेरी आठवली. कचेरीत आपण तिच्या बाजूला उभ्या होतो, उत्तरं आपणच घोकून घेतली होती. "कोणी नाही" हे सुद्धा. आपल्या हातून घर वाचलं, असं आतापर्यंत त्यांना वाटत होतं. ते खरंही होतं. पण ह्या बाईकडे बघून त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं. "काकी, माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला—"

"तुमचा काय चुकला? तुमी नसतास तर आज मी रस्त्यावर. तोंड माजा, बोललंय मी." मग ती बाईंकडे न बघता बोलू लागली.

"पुढच्या म्हयन्यात नारळ ठेवूचो. जयराम गाऱ्हाणा घालतलो. ही जागा तुजी, आमी तुजे राखणारे. आनी मी तेच्या मागे उबी ऱ्हवान व्हय म्हाराजा म्हणतलंय? कसा म्हणू? तेणा आयकला आसतला मा, कचेरीत मी काय म्हटलंय ता? आमच्यात बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नाय. माका तेच्याशी बोलूची सोय नाय. जयरामाक सांगू, तर तो हसतलो."

"मग?"

"तुमी आमच्या घरातले नाय. तुमका बंदी नाय." आता तिने बाईंचा हात धरला. माशांच्या पाटीने, मिठाने राठ झालेला हात. "बाईनू, मामलेदाराक माजा सगळा कसा नीट मांडून सांगलात, तसा एकदा उंडीखाली जावन तेका सांगा. जयरामान नारळ ठेवच्या आदी. मी काय बोललंय ता सांगा. कित्याक बोललंय ताय सांगा. दुर्गेचा पण सांगा, लपवू नकात. आनी म्हणा, काय शिक्षा करूची ती कृष्णाक कर. तिच्या झिलाच्या दर्यावरल्या व्हडयेक हात लावू नको. एवढा माज्यावतीन सांगशात?"